चालत्या यंत्राचा पत्ता

माया गजभियेला ओळखणारी माणसं रायपुरात दोन प्रकारची: तिच्या "काहून?"ला, म्हणजे सततच्या "का?"ला, कंटाळलेली आणि अजून न कंटाळलेली. पहिल्या प्रकारात तिची आई, तिचा नवरा, शाळेतले दोन मास्तर आणि पंडरीतला एक ठोक कापडवाला मोडतात. दुसऱ्या प्रकारात शोधून शोधून एकच माणूस सापडायचा, तो म्हणजे शरच्चंद्र मोघे. त्यांची गोष्ट पुढे येईलच, कारण त्यांच्याशिवाय मायाची गोष्ट पुरी होत नाही.

मायाचे वडील नत्थूजी भंडाऱ्याकडून आलेले, रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. रेडिओतला माणूस बातम्या सांगताना श्वास कुठून घेतो, हे पाहायला मायाने लहानपणी घरचा रेडिओ खोलला. माणूस सापडला नाही. रेडिओ पुन्हा बंद केला तेव्हा एक स्क्रू हातात उरला. आई म्हणाली, "या पोट्टीच्या हाती पेचकस नका देऊ, उद्या घराचं छप्पर खोलून ठेवन." नत्थूजी रागावले नाहीत. त्यांनी तो स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "हा कुठचा, हे शोधल्याशिवाय जेवाले उठू नको." पोरीने शोधला. जेवण गार झालं त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

असल्या मुलीला कापडाच्या दुकानात बिलं करायला बसवणं म्हणजे मांजरीला दुधाच्या राखणीला ठेवण्यासारखंच. बिलाचं यंत्र संध्याकाळी संथ का होतं, हे पाहायला तिने ते उघडलं, आणि शेठने तिला दाराबाहेरचा रस्ता दाखवला. तिथून ती ब्राह्मणपाऱ्यात मोघे सरांच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात आली, ती तिथलीच झाली. केस पिकायला लागले तरी मुक्काम हलला नाही.

मोघे सर सरकारी भूजल खात्यातून निवृत्त झालेले. घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं. भाताच्या दुकानावरच्या या खोल्यांत त्यांनी एकाच प्रश्नाचा संसार मांडला होता: रायपूरच्या तलावांचं पाणी जमिनीखालून जातं कुठे? लहानपणी त्यांनी पाहिलं होतं की पावसाळ्यात तेलीबांधा तलाव भरला की थोड्या दिवसांनी त्यांच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरच्या विहिरीचं पाणी वर यायचं. तलावाचं पाणीच खालून चालत विहिरीत येतं, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. पुढे त्यावर भाषणं दिली, भांडणं केली, दोन मित्र गमावले. आता फक्त सिद्ध करायचं राहिलं होतं.

ते सिद्ध करायचं काम आतल्या खोलीतल्या एका जुन्या यंत्राकडे होतं. हे यंत्र युनिक्सवर चालायचं. युनिक्स म्हणजे यंत्राला चालवणारी जुनी, चिवट प्रणाली. एकदा उभी राहिली की वर्षानुवर्षं बसायचं नाव घेत नाही. सरांनी तरुणपणी लिहिलेला आकडेमोडीचा प्रोग्राम फक्त त्याच यंत्राला कळायचा. त्याचा पडदा कधीच जळून गेला होता. माया बाहेरच्या खोलीतल्या आपल्या संगणकावरून, वायरीतूनच त्याच्याशी बोलायची. गणित पौषात सुरू झालं होतं आणि आश्विन आला तरी चाललेलंच होतं. लाइट गेली की इन्व्हर्टर त्याला सांभाळून घ्यायचा.

यात ग्यानबाची मेख अशी, की तो प्रोग्राम सगळं गणित डोक्यात ठेवायचा. मध्ये काहीच लिहून ठेवत नसे. शेवटी उत्तर आलं की तो ते वायरीतून मायाच्या संगणकाकडे धाडणार, आणि तिथे नकाशा उमटणार. यंत्र मध्येच बंद पडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला सरांकडे वेळ नव्हता. त्यांचा डावा डोळा गेलेला होता आणि उजवा चालला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते कागद वाचू शकणार नाहीत. सर एकदाच मायाला म्हणाले होते, "एवढा नकाशा आपल्या डोळ्यानं पाहून घेतो, मंग काही नको." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, पण मायाच्या मनातून तो गेला नाही.

अशात इंटरनेटवाल्या कंपनीने आपली पेटी बदलली. नवी पेटी आली, तिच्यासोबत नव्या आकड्यांचे पत्ते आले. वायरीवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. त्यावरून बाकीची यंत्रं त्याला हाक मारतात. मायाच्या संगणकाने नवा पत्ता आपला आपण घेतला. जुनं यंत्र मात्र आपला जुना पत्ता उराशी धरून बसलं, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. सर मुलाच्या, नीलच्या, तेलीबांधा भागातल्या फ्लॅटमध्ये राहायचे, आणि गणित कुठवर आलं ते रोज तिथल्या पडद्यावर पाहायचे. तो पडदा कोरा झाला. वाईट म्हणजे, गणित संपल्यावर यंत्राने हाक मारली असती आणि ओ द्यायला पलीकडे कुणी नसतं. मग प्रोग्राम हात झटकून बंद होणार आणि उत्तर हवेत जाणार.

पेटी बसवणारा तरुण म्हणाला, "दीदी, पता बदलके रीस्टार्ट मार दो, हो जाएगा."

"काहून?" माया म्हणाली.

"सब यही करते हैं."

हे उत्तर मायाला आयुष्यात कधी पुरलं नव्हतं. पत्ता बदलायला यंत्र बंदच का करावं लागतं? आत असं काय असतं जे त्या पत्त्यावाचून मरेल? तिने कपाटातला एक टाकून दिलेला संगणक घरी नेला, त्यावर युनिक्ससारखीच एक प्रणाली चढवली आणि जेवणाच्या टेबलावर प्रयोग मांडला. त्याला हजार-लाख आकड्यांची बेरीज करायला बसवलं आणि ती चालू असतानाच, मुलीच्या लॅपटॉपवरून, त्याचा पत्ता काढून घेतला. पडदा तत्क्षणी थिजला. अक्षर उमटेना, काही हलेना. ज्या पत्त्यावरून ती बोलत होती तोच तिने पुसला होता. बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच.

"मम्मी, रीस्टार्ट कर दो ना," साक्षी म्हणाली. ही तिची मुलगी. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं.

"थांब. बेरीज चालू आहे का मेली, ते पाहू दे आधी."

तिने त्या संगणकाला पडदा जोडून पाहिलं. बेरीज खुशाल चालली होती. पत्ता गेला याची तिला खबरही नव्हती. माया हरखली. म्हणजे पत्ता हा दुसऱ्यांनी हाक मारण्यापुरता! दारावरची पाटी काढली म्हणून आत चुलीवरचं वरण शिजायचं थांबत नाही. तुटतात ती फक्त त्या पत्त्यावरून चालू असलेली बोलणी. आणि मग आणखी खोदता खोदता तिला खरी गंमत सापडली: यंत्राला एकाच वेळी दोन पत्ते असू शकतात. आधी नवा द्यायचा. जुना असू द्यायचा. नव्यावरून आत शिरायचं, बाहेर जायचा नवा दरवाजा, म्हणजे कंपनीची नवी पेटी, तोही दाखवायचा, आणि मगच जुना काढायचा. शेवटी नवा पत्ता त्याच्या फाइलीत लिहून ठेवायचा, कारण तोंडी सांगितलेलं यंत्र पुढच्या वेळी उठताना विसरतं.

"हव, समझ गई," साक्षी म्हणाली आणि आपला लॅपटॉप परत मागायला लागली.

मायाने खंडेनवमीचा दिवस धरला. त्या दिवशी कार्यालयात काम नसायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गजभिये मंडळी पहाटेच्या गाडीने नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार होती. मोघ्यांकडे खंडेनवमी जोरात. सरांच्या पत्नी गोदावरीकाकू त्या दिवशी कार्यालयात यायच्या, चौरंग मांडायच्या आणि मोजणीची दुर्बीण, साखळी, कात्र्या, टाइपरायटर, सगळी आयुधं त्यावर ठेवून त्यांना कुंकू लावायच्या. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्याला एक दिवस विसावा. माया बौद्ध घरातली. ती पूजेला हात जोडत नसे, आणि काकूंनीही तिला कधी जोड म्हटलं नव्हतं. नंतरच्या खिरीला मात्र ती कधी नाही म्हणत नसे.

"श्यामराव, आतल्या यंत्राले आज हात नका लावू, अन् माझ्या संगणकालेही नाही," मायाने आल्या आल्या शिपायाला बजावलं.

"हव दीदी, साहेबानं सांगतलं हाय," श्यामराव म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळलाही.

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर भिंग. माया कामाला लागली. यंत्राशी बोलता यावं म्हणून तिने आपल्या संगणकाला तेवढ्यापुरता जुन्या वळणाचाही एक पत्ता दिला, आणि यंत्रात शिरली. शिरताच पहिल्यांदा तिने गणिताकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा पाहिलं. इतके दिवस पडदा कोरा होता म्हणून कळलं नव्हतं. गणित दसऱ्यानंतर संपेल असा सरांचा अंदाज होता. ते तर आज दुपारीच संपायला आलं होतं.

"सर, होत आलं," ती म्हणाली.

सर ताठ बसले. भिंग पुसायला लागले.

मायाने यंत्राला नवा पत्ता दिला. यंत्राने कुरकुर केली नाही. नवा दरवाजा दाखवला. आपल्या संगणकाचं नाव आणि नवा पत्ता यंत्राच्या यादीत लिहिला, म्हणजे उत्तर कुठे धाडायचं ते त्याला कळावं. मग नव्या पत्त्यावरून दुसऱ्यांदा आत गेली. दोन्ही पत्त्यांना ओ येत होती. आत गणित आपल्याच तंद्रीत चाललेलं. मायाने जुना पत्ता काढायची आज्ञा लिहिली, तीनदा वाचली आणि बटण दाबलं.

झालं, असं यंत्राने कळवलं. आता नवा पत्ता फाइलीत लिहायचा तेवढा राहिला होता. तिने लिहायला बोट उचललं, आणि पडदा थिजला.

अक्षर उमटेना. तिने पुन्हा दाबलं. काही नाही. नव्या पत्त्याला हाक मारून पाहिली. ओ नाही. जुन्याला मारली. नाही. काय चुकलं? जुन्यासोबत नवाही गेला का? दरवाजा चुकीचा दाखवला का? आत यंत्राने गणित संपवत आणलेलं, आणि आपण त्याचं तोंड शिवून ठेवलं. सर तिच्याकडे पाहत होते. त्यांना चेहरा नीट दिसत नसावा, पण ती गप्प झालेली त्यांना कळली.

"काय झालं, माया?"

"पाहून राहिली, सर."

क्षणभर तिला वाटलं, उठावं आणि बंद करून सुरू करावं. निदान काहीतरी केल्यासारखं होईल. भीती माणसाला नेहमी असंच सुचवते. पण मायाच्या डोक्यात भीतीच्या आधी प्रश्न शिरायचा, ही तिची लहानपणापासूनची खोड. का बरं थिजलं? तिने आपल्या संगणकावर वायरीत कान लावणारा एक प्रोग्राम सुरू केला. वायरीवरची यंत्रं अधूनमधून एकमेकांना ओरडून विचारत असतात, अमुक पत्त्यावर कोण राहतं हो? जुनं यंत्र कुठल्याही चुकीच्या पत्त्यावर गेलं असलं तरी कधीतरी ओरडेलच, आणि ओरडताना आपला पत्ता सांगेल.

ती ऐकत बसली. यंत्र ओरडलं नाही. पण कंपनीची पेटीही ओरडली नाही, जी एरवी गप्प बसत नाही. कोपऱ्यातला प्रिंटरही नाही. कुणीच नाही. आणि मायाच्या डोक्यात उजेड पडला. चूक तिची असती तर एक घर मुकं झालं असतं. इथे तर अख्खा पारा, सगळा मोहल्लाच मुका होता.

ती उठून दोन खोल्यांमधल्या बोळात गेली. भिंतीवर, जिथे सगळ्या वायरी एकत्र येऊन एका लुकलुकत्या डब्यात जातात, तिथे वायरी लोंबत होत्या आणि डबा नव्हता. डबा बोळातच मांडलेल्या चौरंगावर होता. दुर्बीण आणि टाइपरायटर यांच्या मधोमध, ओल्या फडक्याने पुसलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. गोदावरीकाकू त्याच्यावर अक्षता टाकत होत्या.

"काकू! हे काहून काढलं?"

"अवं, मागच्या वर्षी पूजेत हाच राहून गेला होता," काकू म्हणाल्या, "अन् यंदा श्रावणात वीज पडून जळला का नाही? नवा आणावा लागला. म्हटलं, यंदा याले पहिला मान. श्यामरावाले काढाले लावला."

मायाला हसावं की रडावं कळेना. श्यामरावांनी खरंच ना यंत्राला हात लावला होता, ना तिच्या संगणकाला. डब्याचं नाव कुणी घेतलं होतं? तिनेही नव्हतं.

"काकू, हा परत लावावा लागन. आत्ता."

काकूंचा हात थांबला. "कुंकू लागलं ना, माया. आता उद्या दसऱ्याले. माझ्या सासूच्याही आधीपासून या घरात कोणी नवमीचं हत्यार उचललं नाही."

"उद्या उपयोग नाही. आतलं गणित आता संपते. उत्तर द्याले रस्ता नसला तर ते उत्तर जाते, काकू. पुन्हा पौषापासून."

दुसरी वायर टाकावी म्हटलं तर खोलीपासून खोलीपर्यंत पुरेल एवढी लांब वायर तिथे नव्हती, आणि सणाची दुकानं बंद. काकू चौरंगासमोर बसून राहिल्या. त्या हट्टी नव्हत्या. त्यांना खरंच भीती वाटत होती, आणि ती भीती नवऱ्याच्या डोळ्यांबद्दलचीच होती. या वर्षी घरावर आणखी काही यायला नको, म्हणून तर त्या डब्यापर्यंत पोचल्या होत्या.

सर भिंत चाचपत दाराशी आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"राहू दे माया," ते म्हणाले. "सणाचा दिवस आहे. तिच्या मनाविरुद्ध नको. राहू दे."

काकूंनी वळून पाहिलं. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात या माणसाने तलावाच्या बाबतीत कधी "राहू दे" म्हटलं नव्हतं. त्या तलावापायी लग्नाच्या वाढदिवशी विहिरी मोजायला गेला होता तो. काकूंनी डब्याला दोन बोटं लावून नमस्कार केला, माळ काढली आणि डबा उचलून मायाच्या हातात दिला.

"रीत मी मोडली. काय व्हायचं ते माझ्या माथी," त्या म्हणाल्या. "जा, लाव. पळ!"

माया पळाली. वायरी एकेक करून खोचल्या. डबा लुकलुकायला लागला. बाहेरच्या खोलीत येऊन पाहते तो, थिजलेल्या पडद्यावर मघाशी वेड्यासारखी दाबलेली सगळी अक्षरं एकदम टपटप उमटली, जसं काही झालंच नव्हतं. बोलणं तुटलंच नव्हतं, नुसतं अडलं होतं. जुना पत्ता गेलेला होता, नवा जागेवर होता. यंत्र एका क्षणासाठीही बंद पडलं नव्हतं. मायाने आधी तो पत्ता फाइलीत लिहिला आणि मग तोंडावर हात ठेवून हसली. तिला मनापासून आनंद झाला होता.

खीर गार व्हायच्या आत गणित संपलं. यंत्राने हाक मारली, मायाच्या संगणकाने ओ दिली आणि पडद्यावर रायपूर उमटायला लागलं. आधी रस्ते, मग तलाव, मग जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याच्या निळ्या रेघा. मायाने सरांची खुर्ची ओढून पुढे आणली. सरांनी उजवा डोळा पडद्याला टेकेल इतका जवळ नेला, आणि तेलीबांध्यापासून बोटाने निळी रेघ धरली.

रेघ ब्राह्मणपाऱ्याकडे आलीच नाही. ती पंडरीच्या अंगाला वळली आणि उत्तरेला निघून गेली.

सरांनी पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. आणखी एकदा फिरवलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मायाला वाटलं, पत्ता बदललाच नसता तर बरं झालं असतं. आणि सर एकदम मोठ्याने हसले. पोट धरून हसले.

"आयुष्यभर चुकीचा भांडलो!" ते म्हणाले. "दोन दोस्त गेले माझे याच्यापायी. अन् मंग आमच्या विहिरीत पाणी चढत होतं ते कुठून? सांग ना! कोण्या तलावाचं होतं ते? माया, दुसरा तलाव धरून पुन्हा लावावं लागन."

"लावते ना, सर," माया म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा आवाज खाली गेला. "पण ते उत्तर याले उन्हाळा उलटून जाईन."

"हव. माहीत आहे मले."

खाली भाताच्या दुकानात कुणीतरी पोतं सरकवलं. सर खुर्चीत मागे रेलले, भिंग त्यांनी काकूंच्या हातात दिलं आणि दोन्ही डोळे मिटून घेतले.

"हाच नकाशा सांग मले आता," ते म्हणाले. "तेलीबांध्यापासून. हळूहळू सांग. सवय करून घेतो."

मायाने पडद्याशी खुर्ची ओढली, रेघेवर बोट ठेवलं आणि सांगायला लागली.